ब्रिजला अर्थिंग नसलेल्या हवाईयन गिटारबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इलेक्ट्रिक हवाईयन गिटारमधील घरघर दुरुस्त करून मिळणे अथवा गिटार बदलून मिळणे

महोदय,

आपल्या कंपनीची सहा तारांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार मी गेल्या दिवाळीत सांगलीतून घेतली. अँप्लिफायरला जोडून व्हॉल्यूम थोडा वाढवला की कर्कश घरघर सुरू होते. आपल्या सर्व्हिस सेंटरने वाद्य ठेवून घेतले आणि "सिंगल कॉइल पिकअप आहे, हमिंग येणारच, नॉइज गेट लावा" असे सांगून जसेच्या तसे परत केले. नॉइज गेट म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे उपकरण. हे उत्तर मला मान्य नाही.

सिंगल कॉइल म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे; त्याचा हम (गुणगुण) मला ठाऊक आहे. 50 हर्ट्झच्या विजेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा तो खर्जातला आवाज वाद्याची दिशा बदलली की कमीजास्त होतो. त्यावरचा उपाय असलेला, दोन कॉइलचा हमबकर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्येच तयार केला. मला सिंगल कॉइलचा मोकळा, धारदार स्वर हवा होता म्हणून मी तीच घेतली. तेवढा हम मी चालवून घेईन.

ही घरघर मात्र गिटार कशीही वळवली तरी तेवढीच राहते. तारांवर स्टील बार ठेवला, हात टेकवला तरी ती कमी होत नाही, पण केबलच्या पिनच्या धातूला बोट लावताच बसते. मल्टीमीटरचे एक टोक ब्रिजवर (तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या पट्टीवर) आणि दुसरे जॅकच्या (केबल खोचायच्या जागेच्या) बाहेरच्या धातूवर धरले, तर बीप येत नाही, म्हणजे दोन्हींत विजेची जोडणीच नाही. याचा अर्थ ब्रिजपासून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर यायला हवी ती अर्थची वायर बसवलेलीच नाही किंवा तिचे सोल्डरिंग सुटले आहे. त्याच प्लगवर, त्याच अँप्लिफायरला, त्याच केबलने माझी जुनी गिटार शांत वाजते. मागचे स्क्रू काढले तर वॉरंटी जाईल, असे कार्डावर छापलेले असल्याने मी आत हात घातलेला नाही.

नॉइज गेटबद्दल मला खरोखर वाईट वाटले. हवाईयन गिटारचे सगळे सौंदर्य तार छेडल्यानंतरच्या आसेत, म्हणजे रेंगाळणाऱ्या नादात आहे. एकदा छेडायचे आणि बार सरकवत त्याच आसेवर गंधारावरून पंचमापर्यंत मींड न्यायची. व्हॅन शिप्ले, हझारा सिंग या हवाईयन गिटारवादकांच्या वादनात गाणे ऐकू येते ते याच लांबवलेल्या स्वरांमुळे. गेट नेमकी ही विरत जाणारी आस कापतो. शिवाय स्वर चालू असतो तेव्हा गेट उघडाच असतो, त्यामुळे घरघर स्वरासोबत येतेच. आपल्या माणसाने मींड मारून एकदा तरी पाहायला हवी होती.

ब्रिजची अर्थ वायर जोडावी, पिकअप आणि पॉटच्या खाचेत तांब्याची पट्टी लावून तीही अर्थला जोडावी, आणि गिटार माझ्यासमोर अँप्लिफायरवर वाजवून द्यावी. हे जमत नसेल तर गिटार बदलून द्यावी. या लॉटमधल्या इतर गिटारही तपासाव्यात. नवशिका विद्यार्थी ही घरघर आपल्याच हाताचा दोष समजून वाद्य सोडून देईल.

वॉरंटी चालू आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पावती, वॉरंटी कार्डाची प्रत आणि आवाजाचे रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे.

आपला ग्राहक,
एक हवाईयन गिटारवादक, सांगली