पाच मिनिटांत तेवीस प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हट्टी आणि आक्रमक मुलांच्या पालकांसाठी शाळांनी प्रबोधनपर व्याख्यानं ठेवावीत, अशी सूचना आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण अशी व्याख्यानं देण्यात माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून लिहिते. मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. दर पालकसभेला 'मुलांना वेळ द्या, मारू नका, तुलना करू नका' हे फळ्यावर लिहायचं, समोरच्या बायकांनी माना डोलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पोरांनी पाठीवर वळ घेऊन वर्गात यायचं. तेव्हा वाटायचं, यांना कळतच नाही. त्यांना सगळं कळत होतं. संध्याकाळी सातला, स्वयंपाक अर्धा झालेला असताना आणि पोरगं किंचाळत असताना ते हातून होत नव्हतं, एवढंच.

माझ्या हे लक्षात आलं ते नातवामुळे. लेक सकाळी ८.१२ची फास्ट पकडते, घरी परतायला रात्रीचे आठ. जावयाचं त्याहून वाईट. सिनियर केजीचे चार तास सोडले तर पाच वर्षांचा हा पोरगा दिवसभर माझ्या ताब्यात असतो, किंवा खरं सांगायचं तर मी त्याच्या. मोबाइल काढून घेतला की लाथा. स्टेशनच्या पुलावर खेळणीवाला दिसला की तिथेच आडवा. संध्याकाळची गर्दी, लोक त्याला ओलांडून चाललेत आणि मी एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात त्याचं दप्तर धरून उभी, हा प्रसंग माझ्यावर सहा वेळा आला. तीनदा खेळणं घेऊन दिलं, दोनदा धपाटा घातला, एकदा दोन्ही केलं.

शाळेकडून चिठ्ठी आली, मूल हायपर आहे, डॉक्टरांना दाखवा. शेजारणीचं निदान, संस्कार कमी पडले. निवृत्त शिक्षिकेला हे ऐकून काय वाटलं असेल ते विचारू नका.

शेवटी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन ओपीडीत गेलो. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्याख्यान दिलं नाही. चटईवर ठोकळे ओतले आणि म्हणाल्या, "आजी, पाच मिनिटं याच्याशी खेळा. प्रश्न विचारायचा नाही, सूचना द्यायची नाही, चूक काढायची नाही. तो काय करतोय ते नुसतं बोलून दाखवा, आणि काही आवडलं तर नेमकं काय आवडलं ते सांगा." मी मनात हसले. एका वर्गात पन्नास-पन्नास पोरं सांभाळलेली बाई मी! नातवाने लाल ठोकळा उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "हा कुठला रंग?" मग, "बसगाडी करतोस का?" मग, "मोठा खाली ठेव, नाहीतर पडेल." बाई मागे बसून कागदावर रेघा मारत होत्या. पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी कागद पुढे केला. प्रश्न तेवीस, सूचना अकरा, कौतुक शून्य.

बस पडली नव्हतीच.

त्यानंतर लेकीने इंटरनेटवरून काही शोधनिबंध काढून दिले आणि मी शब्दकोश घेऊन बसले. ठोकळ्यांच्या या खेळामागची पद्धत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात बसवली. तिकडे तज्ज्ञ एकतर्फी काचेच्या पलीकडे बसतात आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तिला त्याच क्षणी सांगतात, 'आता गप्प राहा', 'आता शाबासकी द्या'. आधी असा खेळ, आणि त्यात आईचा हात बसला की मगच शिस्त. शिस्तीचा भाग म्हणजे एका वेळी एकच स्पष्ट सूचना, आणि नाहीच ऐकलं तर काही मिनिटं कंटाळवाण्या जागी बसवणं. आपल्याकडे लोक हा दुसरा भाग तेवढा उचलतात आणि म्हणतात, उपयोग होत नाही.

त्याच्याही आधीपासून अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी प्रशिक्षित निरीक्षक लोकांच्या घरी पाठवून आई, बाप आणि मुलं यांच्यात क्षणाक्षणाला काय घडतं याच्या नोंदी करून घेतल्या होत्या. त्यातून दिसलं ते असं. मूल ओरडतं, मोठं माणूस माघार घेतं, ओरडणं थांबतं. मूल शिकतं की ओरडलं की मिळतं. मोठं माणूस शिकतं की दिलं की शांतता होते. दोघांनाही बक्षीस मिळतं, म्हणून दोघंही पुन्हा तेच करतात, आणि दर खेपेला आवाज चढत जातो. त्यात मी कधी द्यायचे, कधी नाही. गिरणगावात वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. मटका रोज लागला नाही म्हणून कोणी खेळायचं थांबत नाही, अधूनमधून लागतो म्हणूनच माणूस अड्ड्यावर जात राहतो. पुलावरचा तो मटका मीच चालवत होते.

'कंटाळवाणी जागा' या शब्दांवर मात्र आम्ही अडलो. एक खोली, एक स्वयंपाकघर, कुठलाही कोपरा घेतला तर समोर टीव्ही नाहीतर खिडकी. बाईंनी सुचवलं, दार लावायचं नाही, कोंडायचं नाही, वॉशिंग मशीनजवळ एक पाट टाका. तिसऱ्या दिवशी नातू पाटावर बसून गळा काढत होता. दुर्लक्ष करायला लागलं की वागणं सुरुवातीला आणखी बिघडतं आणि मग उतरतं, हे मला सांगितलेलं होतं, त्यामुळे मी दात-ओठ खाऊन भांडी घासत होते. एवढ्यात शेजारच्या काकू उघड्या दारातून आत. "अगंबाई, काय हा छळ लेकराचा!" म्हणत त्यांनी त्याला उचललं आणि हातात क्रीमचं बिस्किट दिलं. तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. काकूंवर राग काढण्यात अर्थ नव्हता, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. पुढच्या खेपेला मी काकूंना बरोबर घेऊन गेले. बाईंना थोडं आश्चर्य वाटलं, पण त्यांनी काकूंनाही चटईवर बसवलं. काकूंचे प्रश्न एकोणतीस निघाले, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

आता व्याख्यानाचा मुद्दा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेतल्या संशोधकांनी २००८मध्ये लहान मुलांच्या पालकांसाठीच्या प्रशिक्षणांचे ७७ अभ्यास एकत्र करून पाहिले. कशाने जास्त फरक पडतो, एवढाच प्रश्न होता. मुलाशी चांगल्या क्षणांत कसं वागायचं, भावनांबद्दल कसं बोलायचं, थोडा वेळ बाजूला कसं बसवायचं आणि आज एक, उद्या एक असं का करायचं नाही, हे शिकवलं तिथे परिणाम मोठा होता. आणि जिथे पालकांना स्वतःच्याच मुलाबरोबर, तिथल्या तिथे सराव करायला लावला तिथेही. उलट जिथे मूळ प्रशिक्षणाला इतर सेवांची शेपटं जोडली होती, तिथे परिणाम कमी दिसला. सभागृहात दोनशे खुर्च्या, प्रोजेक्टर, पाहुण्यांचा सत्कार आणि शेवटी समोसा, यात सराव कुठे बसवणार?

शाळेने 'हायपर' म्हटल्यावर एका ओळखीच्या बाईंनी 'गोळी चालू करा' असं सुचवलं होतं. गोळीला माझा विरोध नाही, काही मुलांना ती लागते आणि तो निर्णय डॉक्टरांचा. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चार वर्षांपासून सहाव्या वाढदिवसापर्यंतच्या अशा मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण, औषध त्यानंतर. आमच्या शाळेच्या चिठ्ठीत याचा उल्लेख असता तर लेकीच्या दोन रात्रींची झोप वाचली असती.

माझी तक्रार आहे ती वेळेची आणि फॉर्मची. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३मध्ये ३ ते ११ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी गटप्रशिक्षण सुचवलं, साधारण १० ते १६ बैठका, प्रत्येक दीड ते दोन तासांची. आमच्या ओपीडीची वेळ म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा. भांडुपहून गाडीत शिरायलाच त्या वेळी नशीब लागतं. लेकीने चार वेळा अर्धी रजा टाकली, पाचव्या वेळी साहेबांनी भुवया उंचावल्या. जावई एकदा आला, तोही फोन कानाला लावून. पुढच्या बैठकांना मी एकटीने नेलं, तर फॉर्मवर रकाने दोनच, आई आणि वडील. माझ्या नावापुढे लिहिलं गेलं, 'सोबत आलेली व्यक्ती'. दिवसाचे आठ-नऊ तास मुलाबरोबर असणारी बाई सोबत आलेली, आणि जो दिसतो फक्त रविवारी तो पालक.

बैठका गाळणं ही फक्त मुंबईची रड नाही. २०१६मध्ये २६२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. ज्यांना या प्रशिक्षणाची गरज होती त्यांच्यातले किमान २५ टक्के त्यात आलेच नाहीत आणि आणखी २६ टक्के मध्येच गळाले, असं त्यात दिसलं. म्हणजे निम्मे गेले. असं झालं की आपण पटकन म्हणतो, पालकांना गांभीर्य नाही. मीही म्हणत असे, स्टाफरूममध्ये चहा पिताना.

'हे अमेरिकेतलं, आपल्याकडे कसं चालणार' असं काहींना वाटेल. ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस गार्डनर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं, आणि एका देशात तयार झालेली अशी प्रशिक्षणं दुसऱ्या देशात नेली तरी परिणाम टिकून राहिला. शिकवायला मोठे तज्ज्ञच हवेत असंही नाही. गोव्यात आणि रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी असं काम झालं, त्याचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे प्रशिक्षण देऊन तयार केलेले साधे आरोग्यकार्यकर्ते पालकांबरोबर बसत होते. स्वमग्नता हा वेगळा विषय आहे, पण कोण शिकवू शकतं या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आणि हे शहर या बाबतीत कधीच मागे नव्हतं. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७मध्ये इथेच सुरू झालं, आज ज्या संस्थेला आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो तिच्या मूळ विद्यालयात. महापालिकेच्या शाळांचे कितीतरी वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात, त्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात हे मला चांगलं ठाऊक आहे. रविवारी सकाळी आठ-दहा घरांचा गट, खाली सतरंजी, ठोकळ्यांची एक पेटी, आणि मागे बसून रेघा मारणारी एक तयार केलेली बालवाडीताई किंवा अंगणवाडी सेविका. त्यांना मानधन मात्र वेगळं द्या, आधीच त्यांच्या डोक्यावर कामांचं गाठोडं आहे. आजी, आजोबा, पाळणाघरवाल्या मावशी, आत्या, जे कोणी दिवसभर मुलाजवळ असतं त्यांना 'सोबत आलेले' म्हणू नका.

या प्रशिक्षणाने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. घरात दारू आणि मारझोड असेल तर ठोकळ्यांनी काय होणार?

नातू काही साधुसंत झालेला नाही. मागच्या मंगळवारी पुलावर तो पुन्हा आडवा झाला. मी त्याला कठड्याशी सरकवलं, शेजारी उभी राहिले आणि पुढून चाललेल्या गाडीचे डबे मोजायला लागले. एक ताई पिशवीतून चॉकलेट काढू लागल्या, त्यांना हात जोडले. खेळणीवाल्याला राहवेना. "आजी, घेऊन टाका ना, पन्नासच रुपये." सात मिनिटं लागली. मग तो उठला, गुडघे झटकले आणि माझ्या हातातलं दप्तर स्वतः घेतलं. "दप्तर तू घेतलंस, माझा हात मोकळा झाला," मी म्हटलं. प्रश्न एकही विचारला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
भांडुप (पूर्व)

ता. क. : कृपया नाव छापू नये. त्याच्या शाळेतल्या दोन शिक्षिका माझ्याच विद्यार्थिनी आहेत.