बाई, अर्ज पाठवला

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी या कलासंग्रहालयाच्या ‘इंडिपेन्डन्ट स्टडी प्रोग्रॅम’साठीचा माझा अर्ज मंगळवारी रात्री पाठवला. निकाल लागायच्या आधीच हे पत्र लिहायला बसले आहे, कारण नंतर लिहिले तर ते निवडीबद्दलचे आभार ठरतील, आणि मला आभार मानायचे आहेत ते हा अर्ज माझ्याकडून लिहून झाला याबद्दल. पत्र जाहीर लिहिते आहे ते आपल्या इचलकरंजी-कोल्हापूरकडच्या मुलामुलींसाठी. असा अर्ज करताना नेमकी कोणती मदत लागते, हे मला कुणी आधी सांगितले असते तर माझे दोन महिने वाचले असते.

1968 मध्ये रॉन क्लार्क यांनी सुरू केलेल्या या कार्यक्रमात पदवी मिळत नाही. सप्टेंबर ते मे या काळात आपले काम करायचे, भरपूर वाचायचे आणि चित्रकार, समीक्षक व क्युरेटर यांनी एकत्र बसून त्यावर चर्चा करायची, असे त्याचे स्वरूप आहे. घरी हे समजावून सांगणे मला जमले नव्हते. “शेवटी सर्टिफिकेट कशाचं मिळणार?” हा बाबांचा प्रश्न रास्तच होता, जन्मभर ‘पिकां’च्या, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबाने मजुरी घेतलेल्या विणकराने दुसरे काय विचारावे? आपण त्या रविवारी घरी आलात, बाबांशी तासभर बोललात आणि जाताना एवढेच म्हणालात, “पोर आजवर जे काम एकटीने करते आहे, ते तिथे जाणत्या माणसांत बसून तपासून घेईल.” त्यानंतर बाबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

खरी अडचण अर्जात स्वतःच्या कामाविषयी लिहायच्या निवेदनाची होती. माझा पहिला खर्डा मी मोठ्या अभिमानाने आपल्याकडे आणला होता. त्यात श्रम, सत्ता, देह, स्मृती असे सगळे जड शब्द होते. आपण तो दोनदा वाचलात, एकाही ओळीवर काट मारली नाहीत आणि विचारलेत, “यात तुझी आई कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. मी काम करते ते कारखान्यात ‘डॅमेज’ म्हणून बाजूला काढलेल्या कापडावर; त्याच कारखान्यात आई वीस वर्षे कांड्या भरत होती, म्हणजे आडव्या धाग्याचे सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळत होती, आणि निवेदनात तिचा उल्लेखही नव्हता.

मग आपण मला आधी मराठीत लिहायला लावलेत. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तरी माग चालूच राहिला की कापडात कशी विरळ पट्टी पडते, ती हाताला आधी लागते की डोळ्यांना, त्या डॅमेजचे पैसे कुणाच्या मजुरीतून कापले जातात, हे सगळे मी चार पाने भरून लिहिले. त्याचे इंग्रजी करताना आपण शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळी माझ्याबरोबर बसलात. मागावर बाणा इकडून तिकडे नेणाऱ्या ‘धोटा’ला इंग्रजी शब्द सहज सापडला, पण ‘कांडीवाली’ला सापडेना. तो शब्द आपण तसाच ठेवायला सांगितलात आणि पुढे एका वाक्यात तिचे काम लिहायला लावलेत. अर्जातले मला सर्वांत आवडणारे वाक्य तेच आहे.

मी वाचनाच्या धास्तीने माघार घेऊ लागले, तेव्हा आपण अमेरिकन कलावंत जेनी होल्झर यांची गोष्ट सांगितलीत. सत्तरच्या दशकात त्या याच कार्यक्रमात होत्या. तिथल्या वाचनाच्या लांबलचक यादीतले विचार त्यांनी एकेका ओळीच्या वाक्यांत आणले आणि त्या वाक्यांची पोस्टर्स मॅनहॅटनच्या भिंतींवर चिकटवली. अवघड वाचन पचवून असे आपल्या शब्दांत मांडता येते, हे त्या दिवशी मला प्रथमच पटले.

छायाचित्रांचेही तसेच. स्टुडिओत काढलेले फोटो आपण नापसंत केलेत आणि सकाळी सात वाजता गच्चीवर दोरी बांधून कापडे उन्हाकडे धरायला लावलीत. मागून ऊन आल्याबरोबर तुटलेल्या बाण्याची रेघ लख्ख दिसली. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी रेघेवर बोट ठेवून हे कापड कुठल्या मागावरचे ते सांगितले, आणि ती माहिती मी त्या चित्राखाली लिहिली.

शिफारसपत्रात आपण काय लिहिलेत ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. आपण बघायला मागितलेल्या जुन्या कांड्या आईने माळ्यावरून काढून ठेवल्या आहेत. येत्या रविवारी त्या घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी