छायाचित्राखालची ओळ अपुरी का?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विसाव्या शतकातील प्रभावशाली व्यक्तींवर पानभर छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ती मी आवडीने पाहिली. ‘पाहिली’ असे मुद्दाम म्हणतो, कारण पानावर वाचण्यासारखे फार थोडे होते. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि एखादे सुभाषितवजा वाक्य, क्वचित एखादे साल किंवा त्रोटक ओळ, एवढेच. छायाचित्र कोणी, कधी आणि कोणत्या प्रसंगी काढले, ही पूर्ण माहिती एकाही चित्राखाली नव्हती. एरवी साध्या उद्घाटनाच्या छायाचित्राखालीही डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे देणाऱ्या दैनिकाला, शतकातील सर्वांत परिचित छायाचित्रांच्या बाबतीत फोटोओळीची गरज का वाटू नये, हे विचारण्यासाठी हे पत्र.

बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार देणाऱ्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्या रोझा पार्क्स यांचे जे चित्र आपण छापले, त्यात त्या बसच्या खिडकीतून बाहेर पाहत आहेत आणि मागच्या आसनावर कोरड्या चेहऱ्याचा एक गोरा पुरुष बसलेला आहे. खाली साल दिले आहे १९५५. पाहणाऱ्याची साहजिकच समजूत होते की हाच माणूस जागा मागत असावा आणि आता पोलीस येणार. प्रत्यक्षात हे छायाचित्र २१ डिसेंबर १९५६ चे आहे. पार्क्स यांनी अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे जागा सोडण्यास नकार दिला तो १ डिसेंबर १९५५ रोजी. त्यानंतर तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, बसमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, आणि तो शहरात अमलात आल्यावर वृत्तपत्रांसाठी हे चित्र जुळवून आणले गेले. मागे बसलेला तो गोरा माणूस एका वृत्तसंस्थेचा वार्ताहर होता. ज्याला आपण इतकी वर्षे मनातल्या मनात दूषणे देत आलो, तो बिचारा आपल्याच व्यवसायातला निघाला!

साल एका वर्षाने चुकले, एवढ्यापुरती ही तक्रार नाही. १९५५ हा आकडा घातला की ३८१ दिवसांची पायपीट गळून पडते आणि एका थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने एका संध्याकाळी अचानक इतिहास घडवला, अशी गोष्ट तयार होते. पार्क्स यांनी आपल्या आत्मचरित्रात ही समजूत स्पष्टपणे नाकारली आहे; त्या दिवशी आपण शरीराने थकलो नव्हतो, नमते घेण्याचा मात्र थकवा आला होता, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या चिटणीस होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील एका प्रशिक्षण शिबिरालाही जाऊन आल्या होत्या. त्याच शहरात, त्याच वर्षी २ मार्च रोजी, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने असाच नकार दिला होता आणि तिलाही अटक झाली होती. ज्या खटल्यामुळे बसमधील वर्णभेद मोडला, त्यातील वादींमध्ये कोल्विन होती, पार्क्स नव्हत्या. चळवळीच्या नेत्यांनी तिला पुढे केले नाही, यामागे तिचे वय, घरची गरिबी आणि पुढे विवाहाआधीच आलेले गरोदरपण अशी कारणे सांगितली जातात. यामुळे पार्क्स यांचे मोठेपण तिळमात्रही उणावत नाही. परंतु प्रतीक म्हणून कोणाचा चेहरा चालेल आणि कोणाचा चालणार नाही, हे ठरवणारी माणसे असतात आणि त्यांचे हिशेब असतात, हे वाचकाला कळायला हरकत नसावी.

क्युबाच्या क्रांतीतील एक नेते चे गेव्हारा यांच्या चित्राची कथा याहून विलक्षण आहे. हवाना बंदरात दारूगोळा घेऊन आलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यातील मृतांना श्रद्धांजली वाहण्याच्या सभेत ५ मार्च १९६० रोजी क्युबाचे छायाचित्रकार अल्बर्टो कोर्दा यांनी ते टिपले. मूळ चित्रात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या. कोर्दा ज्या दैनिकासाठी काम करत, त्याने त्या वेळी हे चित्र वापरलेच नाही. दोन्ही बाजू कापलेली प्रत त्यांच्याकडे पडून राहिली आणि १९६७ मध्ये गेव्हारा मारले गेल्यावर ती जगभर पोहोचली. त्या नजरेत आपण क्रांतीचे स्वप्न वाचतो. ती नजर मात्र शोकसभेतल्या माणसाची आहे. विद्यार्थिदशेत माझ्याही खोलीच्या भिंतीवर ते काळ्या-लाल रंगांतले भित्तिचित्र होते, आणि ते मुळात कोणाच्या कॅमेऱ्यातून आले हे विचारावेसे मला कधी वाटले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. कोर्दा यांनी या चित्राचे मानधन कधी मागितले नाही. मात्र २००० साली ते व्होडकाच्या जाहिरातीत वापरले गेले, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि तडजोडीत मिळालेली रक्कम क्युबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकली.

आइनस्टाइन यांच्या जीभ दाखवणाऱ्या चित्राचा प्रकार थोडा उलटा आहे. १४ मार्च १९५१ रोजी, बहात्तराव्या वाढदिवशी, प्रिन्स्टन येथे मोटारीत दोन परिचितांच्या मध्ये बसलेले असताना, छायाचित्रकारांच्या आग्रहाला कंटाळून त्यांनी जीभ काढली. शेजारची माणसे कापून फक्त आपला चेहरा ठेवलेल्या प्रती मग त्यांनी स्वतः मित्रांना पाठवल्या. येथे कात्री खुद्द नायकाच्याच हाती होती. महात्मा गांधींचे अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये घेतलेले छायाचित्र आपण ‘सूत कातताना’ या ओळीसह दिले आहे. कृपया पुन्हा एकदा नीट पाहावे. चरखा पुढे आहे खरा, पण गांधीजी त्यामागे बसून कात्रणे वाचत आहेत. त्याखाली दिलेले, जगात हवा असलेला बदल आधी स्वतः व्हा, हे वाक्यही त्यांच्या शंभर खंडांच्या समग्र वाङ्मयात या शब्दांत आढळत नाही.

अंध आणि बधिर असलेल्या अमेरिकी लेखिका हेलन केलर यांच्याविषयी तर एका संपादकाचीच गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या पानावर त्या लहान मुलीच्या रूपात आहेत. हातावर पाणी पडते आणि शब्दाचा अर्थ उमगतो, तो १८८७ मधला प्रसंग. मात्र तो विसाव्या शतकातला नव्हे. विसाव्या शतकातल्या केलर १९०९ पासून समाजवादी पक्षाच्या सदस्य होत्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि युद्धाविरुद्ध लिहीत-बोलत होत्या, आणि १९३३ मध्ये नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत त्यांचेही पुस्तक होते. त्यांनी राजकीय मते मांडताच, पूर्वी त्यांच्या बुद्धीची तोंड भरून स्तुती करणाऱ्या ब्रुकलिनच्या एका संपादकाने त्या मतांचा दोष त्यांच्या शारीरिक मर्यादांना दिला. केलर यांनी त्याला छापील उत्तर दिले आणि त्याच्या जुन्या स्तुतीची आठवणही करून दिली. नळाखाली हात धरलेल्या मुलीशी मतभेद होण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणूनच कदाचित ऐंशीहून अधिक वर्षे जगलेल्या या बाईंना आपण सातव्या वर्षीच थांबवून ठेवतो.

पानावर जागा मर्यादित असते आणि प्रतिमा म्हटली की थोडी काटछाट व्हायचीच, असे आपण म्हणाल. मला ते मान्य आहे. छायाचित्रे कापू नयेत, असा माझा आग्रहही नाही. परंतु छायाचित्रकाराचे नाव, तारीख आणि प्रसंग यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा लागत नाही, आणि त्या बसवण्यासाठी खालचे सुभाषित वगळले तर, निदान गांधीजींच्या बाबतीत, एक चूक आपोआप दुरुस्त होईल.

पुढील अंकात दुरुस्ती देणार असाल, तर मॉन्टगोमेरीच्या बसचे चित्र योग्य तारखेसह पुन्हा छापावे, मागच्या आसनावरील व्यक्ती वार्ताहर होती हे नमूद करावे, आणि शेजारी क्लॉडेट कोल्विन यांचे शाळकरी वयातील छायाचित्र द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक