माथेरानच्या टपाल कार्यालयाचा इतिहास : जुनी कागदपत्रे व देणगीसाठी आवाहन

माथेरानचे रहिवासी, येथे बंगले असलेली कुटुंबे, तसेच येथे नोकरी करून गेलेले टपाल कर्मचारी व त्यांचे वारस यांना गावातील इतिहास संकलन समितीचे हे नम्र आवाहन आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी येथे घर बांधले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर बंगले उभे राहिले, मुंबईची कुटुंबे हंगामात येथे मुक्कामाला येऊ लागली, आणि त्यांचा आपल्या घराशी व पेढीशी संबंध राखला तो टपालाने. कल्याण–खोपोली लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, परंतु नेरळहून वर येणारी आपली छोटी गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या प्रयत्नांनी १९०७ मध्ये धावली. मधली पन्नास वर्षे टपालाच्या थैल्या पायी किंवा घोड्यावरूनच डोंगर चढल्या. त्या वाहून आणणाऱ्यांची आणि त्या उघडून शिक्के मारणाऱ्या पोस्टमास्तरांची नावे एकत्र करणे, हे या कामातील आम्हाला सर्वांत मोलाचे वाटणारे अंग आहे.

टपाल खात्यात जुनी दप्तरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात, त्यामुळे हा इतिहास मुख्यतः घरोघरच्या पेट्यांतूनच मिळेल. पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. तिच्या जुन्या पासबुकात नोंदींसमोर तारखेचा शिक्का आणि सही असते, आणि अशी चार-सहा पासबुके जुळवली तर कोणत्या काळात कोण पोस्टमास्तर होते याचा क्रम लावता येतो. मनीऑर्डरच्या आणि रजिस्टर पत्रांच्या पावत्यांचा उपयोगही तसाच होतो. १८७९ पासून निघालेली पाव आण्याची कार्डे तर अतिशय उपयुक्त, कारण मजकूर, पत्ता आणि शिक्के एकाच कागदावर राहतात. पाकिटावर पाठवणाऱ्या आणि पोहोचत्या कार्यालयाचे असे दोन्ही शिक्के असतील, तर पत्राला वाटेत किती दिवस लागले तेही कळते. म्हणूनच कळकळीची विनंती आहे की तिकिटे पाण्यात भिजवून सोडवू नयेत. तिकीट वेगळे केले की शिक्क्याचा अर्धा भाग पाकिटावरच राहतो आणि दोन्ही तुकडे निरुपयोगी होतात.

कागद आम्ही ठेवून घेणार नाही. मालकासमोर त्यांची छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल, आणि पत्रातील खासगी मजकूर लेखी संमतीशिवाय कोठेही छापला जाणार नाही. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा पोस्टमास्तर, पोस्टमन किंवा थैलीवाहक होते, त्यांनी आठवणी सांगितल्या तर त्या ध्वनिमुद्रित करून घेऊ. वयोवृद्धांच्या बाबतीत यास उशीर होऊ नये.

छायाप्रतीचे यंत्र, कागद सुरक्षित राहतील अशी पाकिटे आणि मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात जाऊन जुनी सरकारी दप्तरे पाहण्याचा प्रवासखर्च, एवढ्यासाठीच निधी हवा आहे. देणगी कितीही लहान असली तरी ती समितीच्या सभासदाकडे द्यावी आणि छापील पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च गावातील सूचनाफलकावर दर महिन्याला लावला जाईल. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी आपले कागद टपालाने न पाठवता, येथे येताना सोबत आणावेत.