ओढ्यात लाकडं मुद्दाम टाकतात!

संपादक महोदय,

माझा भाचा सिएटलला असतो, त्याने परवा एक व्हिडिओ पाठवला, क्रेनने अख्खी झाडं उचलून ओढ्यात टाकतायत. मला आधी वाटलं राडारोडाच टाकतायत, आपल्याला तेच बघायची सवय! पण ते म्हणे साल्मन माशांसाठी. आडव्या खोडाला पाणी अडतं, खाली डोह होतो आणि पिल्लं उन्हाळ्यात तिथे गारव्याला थांबतात. साल्मन, ट्राउट अंडी घालतात ती गोट्या-खडीच्या फटींत, वरून गाळ बसला की फटी बुजल्या, ऑक्सिजन पोचत नाही आणि अंडी आतच गुदमरतात. काठची झाडं तोडली की सावली गेली, पाणी तापलं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी. म्हणजे पाणी नुसतं नितळ दिसून भागत नाही.

आता आपल्याकडे. कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये महसीर माशाच्या ज्या खुद्री जातीचं वर्णन केलं ती त्याला आपल्या मुळा-मुठेतच मिळाली होती, पुण्याच्या पूर्वेला. आज मुठेवरच्या भिडे पुलावर उभं राहिलं तर नाकाला रुमाल लावावा लागतो, जलपर्णी सोडून जिवंत काही दिसत नाही (डास सोडून म्हणा).

सांडपाण्यावर निदान चर्चा तरी होते. पण नदीचा काठ सुशोभित करताना डोह, खडी, जुनी झाडं किती ठेवणार, का सगळीकडे जॉगिंग ट्रॅकच, हे कुणी सांगेल का? तुमच्या वार्ताहराने तेवढं विचारावं ही विनंती.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे