होमाईबाईंच्या निगेटिव्ह दिल्लीत, आमच्या माळ्यावर

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

परवा माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा भपकारा आला. आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यात हा वास ओळखीचा. आतली फिल्म सडायला लागली की असाच येतो. १९८२ च्या गिरणी संपातल्या गेट मीटिंगची एक पट्टी पार वळून गेली होती. उजेडासमोर धरली, तर माणसांच्या तोंडांवर बुरशीची जाळी. पुढचा पावसाळा ती काढणार नाही.

तो डबा बघताना मला भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आठवल्या. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मात्र आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी मुंबईतच काम करत होत्या. सुरुवातीचे बरेच फोटो नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावाने छापून आले, कारण बाईचं नाव कोण विचारतो! १९४२ साली ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी त्या दिल्लीला गेल्या आणि पुढची अठ्ठावीस वर्षं साडी नेसून, अवजड कॅमेरा खांद्याला लावून देशातल्या मोठमोठ्या माणसांच्या मागे फिरल्या. फाळणीच्या ठरावावर हात वर करणारे काँग्रेसचे नेते, गांधीजींची अंत्ययात्रा, १९६१ ची राणी एलिझाबेथ, जॅकलिन केनेडी. गांधीजींची हत्या झाली त्या ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाऊसकडे निघाल्याही होत्या, नवऱ्याने थांबवलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाला. ती रुखरुख शेवटपर्यंत राहिली.

माझा सगळ्यात आवडता फोटो पालम विमानतळावरचा. बहिणीची वाट पाहत पंडित नेहरू उभे, आणि शेजारीच पाटी: छायाचित्रणास सक्त मनाई. हे असं टिपायला नुसता कॅमेरा पुरत नाही, अंगात थोडा खट्याळपणा लागतो. 'डालडा १३' हे टोपणनावसुद्धा तसलंच: जन्म १९१३ चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, गाडीचा नंबर डीएलडी १३.

१९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. नव्या फोटोग्राफरांची वागणूक पटेना. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत बडोद्याला वारल्या. त्याआधी आपला सगळा संग्रह जुने फोटो जपणाऱ्या दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे दिला, म्हणून तो आज धड आहे.

त्यांना अल्काझी भेटले. आमच्यातल्या बाकीच्यांनी कुठे जायचं? मी ज्या दैनिकात होतो, तिथे ऑफिस हलवताना निगेटिव्हची चार कपाटं रद्दीवाल्याने नेली. मला कळलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता. माझ्या ओळखीच्या निदान पाच घरांत असे डबे आहेत. फोटोग्राफर वारले, मुलं परगावी, घर विकायला काढलेलं.

साहेब, आपल्याच खात्याखाली पुराभिलेख संचालनालय आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पेशव्यांच्या काळापासूनचे कागद नीट सांभाळले जातात, मग फिल्मला जागा का नसावी? मोठी इमारत मी मागत नाही. चोवीस तास थंड आणि कोरडी राहील अशी एक खोली द्या, एक चांगला स्कॅनर आणि हातमोजे घालून पट्टी धरता येईल अशी दोन माणसं. दात्याशी साधा करार असावा: हक्क कुटुंबाचा, प्रत सरकारची, आणि फोटो कुठेही छापला तरी खाली काढणाऱ्याचं नाव. हे शेवटचं कलम कृपा करून गाळू नका. होमाईबाईंचे फोटो किती दिवस दुसऱ्याच्या नावावर खपले, ते वर लिहिलंच आहे.

समिती नेमणार असाल, तर डार्करूममध्ये हात हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, बुडवलेला एखादा तरी माणूस तीत घ्या. आणि जमल्यास जूनच्या आत. तोवर माझा डबा मी माळ्यावरून खाली, कपाटात ठेवला आहे, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

आपला,
एक निवृत्त वृत्तछायाचित्रकार, दादर