बेस चोरणारा माणूस

प्रिय सोन्या,

काल फोनवर मागून तुझ्या न्यूयॉर्क यँकीजवाल्या रूममेटचा "सत्तावीस, सत्तावीस" असा जप ऐकू येत होता. सत्तावीस वेळा बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकलेत ते, नाही कसं म्हणणार? पण आपल्या बॉस्टन रेड सॉक्सच्या २००४चं नाव काढलं की तो गप्प का होतो, असं तू विचारलंस, आणि फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं "हं, हं" केलं असतंस. म्हणून लिहितेय.

बाबांना विचारशील तर ते आपल्या ऑर्टिझचे होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे) आणि घोटा दुखत असताना चेंडू टाकणाऱ्या शिलिंगचा रक्ताळलेला मोजा यांतच अडकतील. तेही खरंच आहे. पण माझ्या मते ती सिरीज फिरवली ती फारसं कुणी पोस्टर लावत नाही अशा तिघांनी.

तेव्हा तू पोटात होतास. अमेरिकन लीगच्या अंतिम सिरीजमध्ये चार सामने आधी जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला जाणार. यँकीजनी पहिले तीन घेतले, त्यातला तिसरा तर आपल्याच मैदानावर, फेनवेवर, १९-८ असा. ०-३ वरून सिरीज जिंकल्याचं मेजर लीगमध्ये तोवर एकही उदाहरण नव्हतं. त्यात बॉस्टन १९१८ पासून वर्ल्ड सिरीजविना कोरडंच.

त्या १९-८च्या धुलाईत आपला टिम वेकफिल्ड पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, उतरला. खरं तर चौथा सामना त्याचा होता. बाकीच्या पिचर्सचे हात वाचावेत म्हणून हरलेल्या सामन्यात तो स्वतःहून गेला. आदल्या वर्षी याच यँकीजच्या ॲरन बूनने सातव्या सामन्यात त्याच्याच चेंडूवर होमरन मारून बॉस्टनला घरी पाठवलं होतं, हे लक्षात ठेव.

१७ ऑक्टोबरला चौथा सामना. नववी म्हणजे शेवटची इनिंग, यँकीज ४-३ने पुढे, आणि समोर त्यांचा सामना संपवणारा पिचर मारियानो रिव्हेरा, म्हणजे संपलंच सगळं. आपल्या केव्हिन मिलारला वॉक, म्हणजे फटका न मारता पहिला बेस, मिळाला आणि त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. ३१ जुलैला डॉजर्सकडून आणलेला हा माणूस बाकावर बसून होता, आणि त्या अख्ख्या सिरीजमध्ये त्याला एकदाही बॅटिंग मिळाली नाही. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठणार, हे स्टेडियममधल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे पळवलं. मग बॅट्समनला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला. त्यांचा कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला होता रे, दुसऱ्या बेसवर जीटरने चेंडू त्याला टेकवलाही, पण हात आधी बेसला लागला होता. क्रिकेटमधला वीतभराने वाचलेला रनआउट, तसं. बिल म्यूलरने चेंडू मधून काढला, रॉबर्ट्स होम बेसला पोचला, म्हणजे रन, बरोबरी! सामना जादा इनिंग्जमध्ये गेला. बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन आला तेव्हा रात्रीचे सव्वा वाजून गेले होते. बाबा ओरडले आणि खालच्या मजल्यावरून छतावर ठोके पडले.

उजाडलं ती १८ तारीख, आणि त्याच रात्री पाचवा सामना, चौदा इनिंग्ज. आठव्या इनिंगमध्ये रॉबर्ट्स पुन्हा मिलारच्याच जागी पळाला आणि बरोबरीचा रन त्यानेच काढला. शेवटच्या तीन इनिंग्ज वेकफिल्डच्या. त्याचा नकलबॉल (न फिरता हवेत डुलणारा संथ चेंडू) इतका डुलायचा की कॅचर व्हॅरिटेकच्या हातून एका इनिंगमध्ये तीनदा निसटला. माझा तर श्वास अडकला होता. पण रन एकही गेला नाही, आणि शेवटचा फटका पुन्हा ऑर्टिझचा.

सहावा शिलिंगचा, ४-२. तो बाबा सांगतील.

तिसरा माणूस डेरेक लो. प्लेऑफ (मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या) सुरू होताना त्याला सामना सुरू करणाऱ्या पिचर्समधून काढलं होतं. वेकफिल्ड वापरला गेला म्हणून चौथा सामना त्याच्याकडे आला, आणि जेमतेम दोन दिवसांच्या विश्रांतीवर यँकी स्टेडियममध्ये सातवाही. सहा इनिंग्जमध्ये त्याने एक हिट दिला, एकच! जॉनी डेमनच्या ग्रँड स्लॅममुळे, म्हणजे चार रनच्या होमरनमुळे, सगळे ते विसरतात. निकाल १०-३. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्सना ४-० लोळवलं, आणि ८६ वर्षांनी चषक आला.

रॉबर्ट्स आता डॉजर्सचा मॅनेजर आहे, हे तुला माहीतच आहे.

रूममेटला फार छळू नकोस. २००५च्या एप्रिलमध्ये फेनवेवर रिव्हेराचं नाव पुकारलं तेव्हा बॉस्टनवाल्यांनी त्याला चिडवायला मुद्दाम टाळ्यांचा कडकडाट केला. तो हसला आणि त्याने टोपी उंचावली. एवढा दिलदारपणा रिव्हेरात असेल, तर दिवाळीचा डबा आला की चिवडा रूममेटलाही दे. चकल्या मोजून पाठवल्यात, त्या मात्र तुझ्याच.

तुझी,
आई